राष्ट्रीय सेवा योजना

राष्ट्रीय सेवा योजना (संक्षेप: रासेयो, इंग्रजी आद्याक्षरांवरून एनएसएस) ही भारत सरकारच्या युवक कार्य व क्रीडा मंत्रालयामार्फत राबवली जाणारी विद्यार्थ्यांची स्वयंसेवी सेवायोजना आहे. महात्मा गांधी यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी तिचा प्रारंभ झाला. महाविद्यालयीन विद्यार्थी, तसेच अकरावी-बारावीचे विद्यार्थी तिच्यात सहभागी होऊ शकतात. समाजसेवेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास साधणे हा योजनेचा घोषित उद्देश आहे. २४ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी 'राष्ट्रीय सेवा योजना दिन' म्हणून साजरा केला जातो.

राष्ट्रीय सेवा योजना ही शासकीय योजना असून, १९४१ मध्ये स्थापन झालेल्या 'राष्ट्र सेवा दल' या संघटनेशी तिचा संबंध नाही. नावातील साम्यामुळे या दोहोंची गल्लत होताना दिसते.

नाव, बोधवाक्य व बोधचिन्ह

योजनेचे बोधवाक्य 'नॉट मी, बट यू' असे आहे. मराठीत त्याचा आशय 'माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी' असा सांगितला जातो. व्यक्तीचे हित हे अखेरीस समाजाच्या हितावर अवलंबून असते, असा विचार त्यामागे आहे.

ओडिशातील कोणार्क येथील तेराव्या शतकातील सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून योजनेचे बोधचिन्ह घेतले आहे. चक्र हे गतीचे व परिवर्तनाचे प्रतीक मानले जाते. चक्रातील आठ आरे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजेच चोवीस तास दर्शवतात. स्वयंसेवकाने दिवसाच्या कोणत्याही वेळी सेवेस सज्ज असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. बोधचिन्हातील लाल रंग तरुणांच्या उत्साहाचा, तर गडद निळा रंग विश्वाचा निदर्शक आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी शिक्षणाबरोबर समाजासाठी काही काळ काम करावे, ही कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळापासून मांडली जात होती. विद्यार्थिदशा हा केवळ बौद्धिक सुखाचा काळ नसून समाजाचे ऋण फेडण्याची ती तयारी आहे, असे गांधीजींचे मत होते. स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) शैक्षणिक संस्थांमध्ये ऐच्छिक स्वरूपाची राष्ट्रीय सेवा सुरू करण्याची शिफारस केली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यातही विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा व श्रमसेवेचा विचार झाला. १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात, पदवीसाठी समाजसेवा ही पूर्वअट असावी काय, हा मुद्दा उपस्थित केला.

देशमुख समिती

या चर्चेतून २८ ऑगस्ट १९५९ रोजी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व माजी केंद्रीय अर्थमंत्री असलेले देशमुख त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस समितीने केली. या सेवेत काही प्रमाणात लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण यांचा समावेश असावा, असे समितीने सुचवले होते.

ही शिफारस स्वीकारली गेली नाही. एवढ्या मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांची वर्षभर निवास, भोजन व प्रशिक्षणाची सोय करण्याचा खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी ही त्याची प्रमुख कारणे होती. सेवेची संधी किती जणांना द्यायची आणि सेवा करणाऱ्यांचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न या निमित्ताने प्रथमच ठळकपणे पुढे आला. पुढील काळातही योजनेच्या वाटचालीत तो वारंवार उपस्थित होत राहिला.

सैयदैन अहवाल व कोठारी आयोग

१९६० मध्ये शिक्षणतज्ज्ञ प्रा. के. जी. सैयदैन यांनी सरकारच्या सूचनेवरून इतर देशांतील युवकसेवेच्या योजनांचा अभ्यास करून अहवाल सादर केला. समाजसेवा शिबिरे विद्यार्थ्यांबरोबरच त्याच वयोगटातील विद्यार्थी नसलेल्या तरुणांनाही खुली असावीत, ही त्यांची एक महत्त्वाची सूचना होती. डॉ. डी. एस. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर विद्यार्थ्यांचा समाजसेवेशी संबंध जोडण्याची शिफारस केली.

१९६२ च्या चीन युद्धानंतर राष्ट्रीय छात्रसेना (एनसीसी) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सक्तीची करण्यात आली होती. एप्रिल १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने या सक्तीऐवजी पर्यायांची शिफारस केली. विद्यापीठीय विद्यार्थ्यांना छात्रसेना ऐच्छिक स्वरूपात खुली राहावी, दुसरा पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना नावाचा नवा कार्यक्रम सुरू करावा, आणि खेळात प्रावीण्य असलेल्यांसाठी स्वतंत्र क्रीडा योजना असावी, असे तिचे स्वरूप होते. मे १९६९ मध्ये शिक्षण मंत्रालय व विद्यापीठ अनुदान आयोग यांनी बोलावलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या परिषदेनेही, राष्ट्रीय सेवा योजना हे राष्ट्रीय एकात्मतेचे प्रभावी साधन ठरू शकेल, असे मत नोंदवले.

स्थापना

२४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांमध्ये योजनेचा आरंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी ५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली होती.

अंतिम स्वरूपात योजना सक्तीची न राहता ऐच्छिक झाली आणि पूर्ण वेळेची न राहता अभ्यास सांभाळून करावयाची झाली. देशमुख समितीच्या कल्पनेतील वर्षभराच्या सेवेची जागा दोन वर्षांत विभागलेल्या २४० तासांनी घेतली. त्यामुळे दरडोई खर्च पुष्कळ कमी झाला आणि योजना सर्वसाधारण महाविद्यालयांच्या आवाक्यात आली.

रचना

योजनेचा मूलभूत घटक म्हणजे महाविद्यालयातील किंवा विद्यालयातील एकक (युनिट). एका एककात साधारणतः १०० स्वयंसेवक असतात आणि त्याची जबाबदारी एका शिक्षकाकडे असते. या शिक्षकाला 'कार्यक्रम अधिकारी' म्हणतात. महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समिती एककाच्या कामाचे नियोजन करते.

विद्यापीठ स्तरावर कार्यक्रम समन्वयक किंवा संचालक, राज्य स्तरावर राज्य सरकारचा रासेयो कक्ष व राज्य संपर्क अधिकारी, आणि केंद्रीय स्तरावर प्रादेशिक संचालनालये व दिल्लीतील संचालनालय अशी पुढील रचना आहे. महाराष्ट्रात राज्य कक्ष उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्र व गोव्यासाठीचे प्रादेशिक संचालनालय पुणे येथे आहे.

स्वयंसेवकाचे कार्य

नियमित उपक्रम

प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. पहिल्या वर्षातील १२० तासांपैकी २० तास उद्बोधनासाठी राखलेले असतात. योजनेचा हेतू, गावपाहणीची पद्धत, लोकांशी संवाद कसा साधावा, नोंदी कशा ठेवाव्यात यांची माहिती त्यात दिली जाते. उरलेले तास प्रत्यक्ष कामाचे असतात. वृक्षलागवड, स्वच्छता, रक्तदान शिबिरांचे आयोजन, आरोग्य तपासणी, मतदार जागृती, साक्षरता व परिसर सर्वेक्षण ही कामे प्रामुख्याने केली जातात. कामाच्या तासांची नोंद स्वयंसेवकाच्या कार्यदैनंदिनीत ठेवली जाते.

विशेष शिबिर

प्रत्येक एककाने वर्षातून एकदा सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर घेणे अपेक्षित असते. एककातील निम्मे स्वयंसेवक एका वर्षी त्यात सहभागी होतात, जेणेकरून दोन वर्षांत प्रत्येकाला एकदा शिबिराचा अनुभव मिळतो. शिबिर बहुधा महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या गावात भरते. शिबिरार्थी गावातील शाळेत, समाजमंदिरात किंवा मंदिराच्या सभामंडपात राहतात. पहाटेची प्रार्थना व व्यायाम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी ग्रामस्थांच्या भेटी आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम सर्वसाधारणपणे आढळतो. स्वयंपाक, पाणी व स्वच्छता यांची कामे शिबिरार्थींचे गट पाळीपाळीने करतात.

महाराष्ट्रात या शिबिरांना 'श्रमसंस्कार शिबिर' म्हणण्याचा प्रघात आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीमुळे हा शब्द राज्यात परिचित झाला होता. ही छावणी मात्र रासेयोचा भाग नाही. दगडी बांध, वनराई बंधारे, समतल चर, शोषखड्डे व रस्ता दुरुस्ती ही महाराष्ट्रातील शिबिरांत नेहमी दिसणारी श्रमदानाची कामे आहेत.

उपक्रमांचा बदलता रोख

आरंभीच्या काळात विशेष शिबिरांसाठी देशपातळीवर एकेक विषय ठरवला जात असे. १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' हा विषय होता. याच काळात महाराष्ट्र १९७२ च्या भीषण दुष्काळाची झळ सोसत होता. त्यानंतर अस्वच्छता व रोगराई, वनीकरण आणि ग्रामीण पुनर्रचना हे विषय घेण्यात आले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या कार्यात्मक साक्षरतेच्या जनकार्यक्रमात स्वयंसेवकांनी प्रौढांना शिकवण्याचे काम केले. १९९१ पासून 'युनिव्हर्सिटीज टॉक एड्स' या कार्यक्रमाद्वारे विद्यापीठांतून एड्सविषयक जागृती करण्यात आली. २००१ चा गुजरातमधील भूकंप, २००४ ची त्सुनामी आणि २०२० पासूनची कोविड-१९ महासाथ यांसारख्या आपत्तींच्या काळातही स्वयंसेवकांनी मदतकार्य केले.

विस्तार

स्थापनेनंतर योजना टप्प्याटप्प्याने देशातील बहुतेक विद्यापीठांत पोहोचली. पुढे उच्च माध्यमिक विद्यालये, तंत्रनिकेतने व व्यावसायिक महाविद्यालयांतही एकके सुरू झाली. २०१०च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वयंसेवकांची नोंदणीकृत संख्या ३६ लाखांहून अधिक झाली होती. म्हणजे पहिल्या वर्षाच्या तुलनेत ती सुमारे ९० पट झाली.

असे असले तरी विद्यार्थ्यांच्या एकूण संख्येच्या मानाने हा विस्तार मर्यादित ठरतो. त्याच सुमारास देशातील उच्च शिक्षणात सुमारे साडेतीन कोटी विद्यार्थी शिकत होते. शालेय स्वयंसेवक धरूनही रासेयोतील संख्या त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच होती. एककाची मंजूर संख्या अनुदानाशी जोडलेली असल्याने, इच्छुक विद्यार्थी अधिक असले तरी सर्वांना प्रवेश देता येत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने स्वयंअर्थसहाय्यित एककांना परवानगी दिली. अशा एककाचा खर्च संबंधित संस्था स्वतः उचलते. त्यामुळे शासकीय निधीची वाट न पाहता एकके वाढवता येतात. मात्र ती प्रामुख्याने ज्या संस्थांना खर्च परवडतो, अशाच ठिकाणी सुरू होऊ शकतात.

स्वयंसेवकांना मिळणारे पाठबळ

आर्थिक तरतूद

स्वयंसेवकाला कोणतेही मानधन दिले जात नाही. अनुदान एककाच्या खर्चासाठी असते. सुरुवातीपासून बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य यांच्यात हा खर्च ७:५ या प्रमाणात विभागला जात असे. राज्यांचा हिस्सा वेळेवर न मिळाल्यास केंद्राचा हिस्साही अडकून पडत असे. १ एप्रिल २०१६ पासून योजना पूर्णतः केंद्राच्या निधीतून चालवली जाऊ लागली.

२०१०च्या दशकात लागू असलेल्या दरांनुसार नियमित उपक्रमांसाठी प्रत्येक स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि विशेष शिबिरासाठी प्रत्येक शिबिरार्थीमागे ४५० रुपये मिळत. शंभर स्वयंसेवकांच्या एककासाठी ही रक्कम नियमित उपक्रमांचे २५,००० रुपये आणि पन्नास शिबिरार्थींच्या शिबिराचे २२,५०० रुपये, अशी एकूण ४७,५०० रुपये होते. सात दिवसांच्या शिबिराचा हिशेब केल्यास एका शिबिरार्थीच्या वाट्याला दिवसाला सुमारे ६४ रुपये येतात. यातच दोन वेळचे जेवण, नाश्ता, प्रवास व श्रमदानाचे साहित्य भागवावे लागे. उरलेली तूट महाविद्यालयाचा निधी, स्थानिक देणगीदार, ग्रामपंचायत आणि गावकऱ्यांनी दिलेला शिधा यांतून भरून काढली जाते.

शैक्षणिक लाभ

दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर पूर्ण करणाऱ्या स्वयंसेवकाला विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळते. काही विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलतीचे गुण देण्याची तरतूद आहे. पुढील प्रवेशप्रक्रियेतही काही ठिकाणी या प्रमाणपत्राचा विचार होतो. २०१०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने रासेयो हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून सुरू करण्याची सूचना विद्यापीठांना केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत रासेयोचा समावेश केला.

गौरव

दरवर्षी जानेवारी महिन्यात दिल्ली येथे होणाऱ्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी देशभरातून २०० स्वयंसेवक निवडले जातात. त्यांतील पथक राजपथावरील (आताचा कर्तव्यपथ) संचलनात भाग घेते. योजनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९९३–९४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू करण्यात आले. विद्यापीठे, कार्यक्रम अधिकारी व त्यांची एकके, तसेच स्वयंसेवक यांना हे पुरस्कार दिले जातात.

कार्यक्रम अधिकारी

एककाचे काम बऱ्याच अंशी कार्यक्रम अधिकाऱ्यावर अवलंबून असते. हे पद स्वतंत्र नसून अध्यापनाचे नियमित काम सांभाळून करावयाचे असते. त्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असून ती एका वर्षाने वाढवता येते. नियुक्त शिक्षकाने उद्बोधन प्रशिक्षण घेणे अपेक्षित असते. शिबिरार्थींची सुरक्षितता, हिशेब, अहवाल, ग्रामपंचायतीशी समन्वय आणि विद्यार्थिनींच्या निवासाची सोय या सर्वांची जबाबदारी त्याच्याकडे असते; त्या मानाने मिळणारा भत्ता अल्प असतो. अनुभवी अधिकाऱ्याची मुदत संपताच दत्तक गावाशी जुळलेला संबंध विस्कळीत होण्याची शक्यता असते.

समस्या व चिकित्सा

योजनेच्या मूल्यमापनात प्रामुख्याने पुढील मुद्दे मांडले जातात:

संख्या व दर्जा: स्वयंसेवकांची संख्या वाढली, तरी प्रत्येकामागील तरतूद व प्रशिक्षण त्या प्रमाणात वाढले नाही. कमी निधीत होणारे उपक्रम फेरी, शपथ व व्याख्यान यांपुरते मर्यादित राहण्याचा धोका असतो.

आर्थिक स्थितीचा अडसर: सेवा विनामूल्य असल्याने, शिक्षणाबरोबर नोकरी किंवा शेतीकाम करणाऱ्या विद्यार्थ्यांना १२० तास व सात दिवसांचे शिबिर यांसाठी वेळ काढणे कठीण जाते. सात दिवसांची मजुरी बुडणे हा त्यांच्यासाठी प्रत्यक्ष खर्चच असतो.

गुणांसाठी सेवा: सवलतीचे गुण व श्रेयांक यांमुळे सहभाग वाढतो, परंतु सेवेचा हेतू दुय्यम ठरतो, असा आक्षेप घेतला जातो. विद्यार्थ्याने दिलेल्या वेळेची शैक्षणिक दखल घेणे न्याय्यच आहे, असा प्रतिवादही केला जातो.

गावाचा दृष्टिकोन: शिबिर संपल्यावर बांधलेल्या बंधाऱ्याची किंवा लावलेल्या झाडांची निगा कोणी राखायची, हे ठरलेले नसल्यास काम टिकत नाही. एकच गाव सलग काही वर्षे दत्तक घेण्याच्या सूचनेमागे हेच कारण आहे.

विद्यार्थी नसलेले तरुण: शिक्षण सुटलेल्या तरुणांना या योजनेत स्थान नाही. सैयदैन अहवालातील सूचना या योजनेत उतरली नाही. तिची पूर्तता अंशतः अन्य योजनांमधून झाली.

इतर योजनांशी तुलना

विद्यार्थी नसलेल्या ग्रामीण युवकांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे सुरू झाली. पूर्ण वेळ सेवेसाठी १९७७–७८ मध्ये राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजना आली. २०१०–११ मध्ये तिचे रूपांतर राष्ट्रीय युवा कोअरमध्ये झाले. या कोअरमधील स्वयंसेवकाला कमाल दोन वर्षांसाठी दरमहा मानधन दिले जाते. ते आरंभी २,५०० रुपये होते व नंतर ५,००० रुपये करण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'मेरा युवा भारत' ही स्वायत्त संस्था सुरू झाली. १५ ते २९ वयोगटातील तरुणांना सेवेच्या संधींशी डिजिटल माध्यमातून जोडणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

अन्य देशांत सेवेचा कालावधी व पाठबळ यांची सांगड वेगळ्या प्रकारे घातलेली आढळते. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अमेरिकॉर्प्समध्ये स्वयंसेवकांना निर्वाहभत्ता आणि सेवा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी ठरावीक रक्कम दिली जाते. फ्रान्समध्ये २०१० पासून 'सर्व्हिस सिव्हिक' ही प्रामुख्याने १६ ते २५ वयोगटासाठीची सशुल्क भत्ता असलेली योजना आहे. जर्मनीत २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर सर्व वयोगटांना खुली असलेली संघीय स्वयंसेवी सेवा सुरू करण्यात आली. या तिन्ही योजनांत सेवा काही महिने ते वर्षभर चालते आणि सेवेच्या काळातील निर्वाहाची किमान सोय केलेली असते. रासेयोमध्ये दरडोई खर्च अत्यल्प असून सहभागींची संख्या या योजनांच्या तुलनेत कितीतरी मोठी आहे.

हेही पहा

राष्ट्रीय छात्रसेना
नेहरू युवा केंद्र संघटन
चिंतामणराव देशमुख
कोठारी आयोग
श्रमदान